मोडीत काढण्याची घाई

आमच्या सुशिक्षित वर्गास आपल्या काटकसरीचा अभिमान फार. धरमपेठेतील कोणत्याही घरी पाहावे, उन्हाळा लागण्यापूर्वी कूलर बाहेर निघतो, त्याच्या ताट्या बदलतात, पंपाची तपासणी होते, मोटारीस तेल पडते आणि तोच पत्र्याचा डबा आपला पंधरावा वैशाख काढावयास सिद्ध होतो. ताट्या कुजल्या म्हणून कोणी सबंध कूलर भंगारात घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परंतु त्याच घरातील संगणक जरा मंद चालू लागला की सारी शहाणी माणसे एकमुखाने म्हणतात, "जुना झाला, नवा घ्या!" कूलरच्या बाबतीत जागी असणारी आमची विवेकबुद्धी संगणकाच्या पेटीपुढे हात जोडून उभी राहते. ही शरणागती आम्हांस चिंतेची वाटते.

या घाईस अलीकडे एक निमित्तही मिळाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीस नेहमीप्रमाणे सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे थांबविले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सारे प्रोसेसर त्या यादीबाहेर आहेत. काल सायंकाळपर्यंत बिनतक्रार पत्रे लिहिणारे यंत्र आज सकाळी निकामी ठरले! यंत्र होते तसेच होते. यादी तेवढी बदलली होती.

आमच्या घरचा संगणक सन २०१६ मधला, इंटेलच्या सहाव्या पिढीचा. कन्या अभियांत्रिकी शिकते; तिच्या आराखड्यांचा प्रोग्राम विंडोजवरच चालतो. म्हणून २०२५ च्या दिवाळीनंतर आम्ही तो संगणक घेऊन शहरातील एका दुकानी गेलो. विक्रेत्याने पेटी उघडूनही पाहिली नाही. "काकाजी, यात आता काही राहिलं नाही," असे सांगून त्याने ५५,००० रुपयांचा अंदाज पुढे केला आणि जुन्या पेटीचे ५०० रुपये देऊ केले. आम्ही पेटी घरी आणली, वर्तमानपत्र अंथरले आणि कन्येच्या हाती पेचकस दिला.

आत काय निघाले? कॅबिनेट एटीएक्स मापाचे. हे माप १९९५ पासून रूढ असल्याने नव्या मदरबोर्डाची भोके त्यास बिनचूक जुळतात. डीडीआर४ जातीच्या रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या निघाल्या. दुकानदाराच्या अंदाजात डीडीआर५ होती; तिची खाच निराळ्या जागी असते, त्यामुळे जुनी पट्टी त्या बोर्डात बसतच नाही. तेव्हा आम्ही उलट बाजूने विचार केला: जुनी रॅम ज्यात बसेल असा एएम४ सॉकेटचा बोर्ड घेतला आणि त्याच सॉकेटचा, चित्रांची सोय पोटातच असलेला रायझन प्रोसेसर घेतला. तीन वर्षांपूर्वी बसविलेली एसएसडी, मॉनिटर आणि कीबोर्ड तेच ठेवले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव त्याच सुमारास चढू लागले होते. त्या दोन पट्ट्यांचे मोल तेव्हा अधिकच कळले. सारा खर्च २२,००० रुपयांच्या आत आटोपला.

मात्र जुने ते सोने म्हणून सरसकट सारेच वापरावे, असे आमचे म्हणणे समजू नये. तोही आंधळेपणाच होय. नऊ उन्हाळे सोसलेला पॉवर सप्लाय आम्ही निःशंक मनाने बाद केला. उष्णतेने त्यातील कपॅसिटर हळूहळू वाळतात, आणि असा सप्लाय दगा देताना नव्या बोर्डासही सोबत नेऊ शकतो. तेथे तीन हजार वाचविणे म्हणजे घराच्या पायात वाळू भरणे. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आम्ही केवळ दुसरी प्रत ठेवण्यापुरती वापरतो. ज्यांचे काम लिहिण्या-वाचण्यापुरते आहे, त्यांनी तर काहीच विकत घेऊ नये. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली जुन्या यंत्रावर चालते आणि तीत मराठीही उत्तम लिहिता येते.

कोणी म्हणतील, हमीचे काय? नव्या प्रत्येक भागास त्या-त्या कंपनीची हमी असतेच. कोणी म्हणतील, इतका वेळ कोणास आहे? दोन रविवार लागले. मोबाइलच्या पडद्यावर आम्ही याहून अधिक रविवार घालवितो. खरा अडसर निराळाच आहे. हातात पेचकस धरणे हे आपले काम नव्हे, ही आमच्या वर्गाची जुनी समजूत आहे. यंत्र चालविणारा तो शिकलेला आणि उघडणारा तो मिस्त्री, असा भेद मनात धरून आम्ही मुलांना अभियांत्रिकीस पाठवितो! त्या भेदाचा दंड ५५ हजार आणि २२ हजार यांतील अंतराएवढा असतो. सुस्थितीतील घर तो भरते. बेताच्या घरी त्याचे हप्ते होतात, किंवा मुलीचा अभ्यास मोबाइलवरच उरकतो.

आणि टाकलेली पेटी जाते कोठे? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात २०२२ या एका वर्षी ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्याचा चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनश्चक्रित झाला नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही त्यांत स्थान आहे. परंतु चांगली वस्तू कचरा ठरविण्याचा निर्णय सरकारच्या दारी होत नाही, तो आमच्या दिवाणखान्यात होतो.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंती आहे, की भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी वीज बंद करून त्या पेटीचे चार स्क्रू स्वतः काढावेत, आणि घरातील मुलामुलींस जवळ बसवून आत काय काय शाबूत आहे ते मोजून पाहावे.