गळका नळ, ओली भिंत आणि वाड्याचं एकच कनेक्शन

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय. आता दरवर्षीप्रमाणे धोकादायक वाड्यांच्या नोटिसा लागतील, मग त्यावर सगळे बोलतील. मला आज न्हाणीतल्या गळक्या नळाबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण कसब्यात हे दोन विषय वेगळे नाहीतच.

आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती कशाच्या आहेत बघा. खाली घडीव दगड, वर माती-विटा, मध्ये सागवानी खांब आणि तुळया. कौलं जागेवर असली तर असं बांधकाम वरून येणारा पाऊस पिढ्यान्‌पिढ्या झेलतं. त्याला झेपत नाही ती आतून बारा महिने मिळणारी ओल. वाडे बांधले तेव्हा खोलीखोलीत नळ असेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळानं पाणी आणलं ते शहरातल्या हौदांत, घराघरांत नाही. आपल्याकडे फडके हौद चौक हे नाव अजून त्याची आठवण देतं. पुढे वाड्यांत बिऱ्हाडं वाढली, प्रत्येकानं कोपऱ्यात आडोसा करून न्हाणी केली, मातीच्या भिंतीत पाइप गाडला आणि वरून सिमेंटचा गिलावा फासला. त्या गिलाव्यानं ओल आतच कोंडते. तुळईचं टोक भिंतीत कुजत जातं आणि बाहेरून काही दिसत नाही. पोपडे दिसतात, आपण रंग मारतो.

गळती ‘थोडीशीच’ असते म्हणे. शेजारी शॉवर ठिबकत होता, खाली लिटरचा तांब्या लावून बघितला. तासाभरात भरला. म्हणजे दिवसाला 24 लिटर, वर्षाला 8,760. माणशी रोज 135 लिटर हा सरकारी हिशोब धरला, तर एका माणसाचं दोन महिन्यांहून जास्त पाणी त्या ठिबकण्यात गेलं.

आणि दुरुस्ती काय असते? जुना चाकीचा नळ तोंडातून ठिबकत असेल तर वॉशर गेलाय. पाणी बंद करायचं, नळात उरलेलं सोडून द्यायचं, पान्यानं वरचा भाग खोलायचा, स्पिंडलच्या टोकाचा वॉशर बदलायचा, संपलं. दांड्याच्या बुडातून पाणी झिरपत असेल तर वॉशर नाही, ग्लँडचं पॅकिंग गेलंय. नुसतं जोर लावून नळ आवळणं हा आपला राष्ट्रीय उपाय, त्यानं आतली बैठक घासली जाते आणि मग नवा वॉशरही टिकत नाही. शॉवर बंद केल्यावर दोन-पाच मिनिटं टपटपला तर घाबरू नका, जाळीत साठलेलं पाणी ते. पाव तासानंतरही थांबत नसेल तर खोला. मिक्सर असेल आणि बादलीत पाणी सोडलं तरी वरून शॉवर गळत असेल, तर दोष पाणी वर-खाली वळवणाऱ्या भागात असतो. नव्या अर्ध्या-पाव फेऱ्याच्या नळात वॉशरच नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. पाणी बंद राहून परत सुरू झालं की पाइपातली बारीक वाळू येते, ती चकत्यांत अडकते. तिथे आतला कार्ट्रिजच बदलावा लागतो. दुकानात जाताना जुना खिशात घालून न्या, कारण लांबी आणि दाते कंपनीगणिक वेगळे. (टबाच्या नळाचंही हेच तंत्र. कसब्यात कुणाकडे टब असेल तर कळवा, मी बघायला येतो.)

पण हल्ली कुणालाही बोलवा, उत्तर एकच: ‘काका, नळच बदलून टाका.’ ज्या पेठेत तांबट आळी आहे, जिथे भांड्याला पोचा आला तर ठोकून सरळ करून देणारे हात अजून आहेत, तिथे काही रुपयांच्या वॉशरसाठी अख्खा पितळी नळ भंगारात जातो. मला हे पटत नाही.

आता खरी अडचण. वाड्यात नळ दुरुस्त करायचा कुणी? मालक म्हणतो, पन्नास रुपये भाड्यात काय काय करू? भाडेकरू म्हणतो, वाडा तुमचा, भिंत तुमची. दोघांचंही खोटं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14 सांगतं की घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. त्यानं केलं नाही तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनं स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. छान. पण वर्षाला वळता करायची मर्यादा त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. पन्नास रुपये भाड्याचे वर्षाचे सहाशे, त्याचे पाव दीडशे. दीडशेत बरा पितळी नळही येत नाही, भिंतीतला पाइप बदलणं तर लांबच. मग दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात आणि भिंत पाणी पीत राहते.

त्यात भर मीटरची. आज घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलाबरोबर येते, तुम्ही किती वापरलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसतायत, आणि मीटरप्रमाणे बिल यावं याच मताचा मी आहे. पण आठ बिऱ्हाडं आणि कनेक्शन एक, अशा वाड्यात ते बिल कसं वाटणार? डोक्यावर? खोल्यांवर? वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजींनी तळमजल्यावरच्या गळक्या मोरीचे पैसे का भरायचे? सोसायट्यांना हिशोबाची सवय आहे, वाड्यांना नाही. मीटरचं बिल सुरू करण्याआधी महापालिकेनं जुन्या पेठांत प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळी जोडणी कमी खर्चात द्यावी, आणि धोकादायक वाड्यांची पाहणी करताना मोऱ्यांची गळतीही तपासावी. नोटिशीत ‘वाडा उतरवा’ लिहिण्याआधी ‘हा पाइप बदला’ असं कुणी लिहिलं असतं, तर काही वाडे आजही उभे असते असं माझं प्रामाणिक मत आहे.

तोवर आपल्या हातातलं आपण करू. बऱ्याच वाड्यांतला मुख्य कॉक गंजून जाम झालेला असतो, त्यामुळे पाणी बंद करायचं कसं हाच पहिला प्रश्न. त्याला आपल्याकडे उत्तर आहे: गुरुवार! ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ अशी बातमी छापून आली की समजा, मुहूर्त मिळाला. गच्चीवर टाकी असेल तर तेवढी आधी रिकामी करा. पाना आणि टेफ्लॉन टेप माझ्याकडे आहे, वॉशर ज्याचा त्यानं आणायचा.