डोळ्यातले कुसळ अंगावर काढू नका

भातकापणी आटोपली की झोडणी सुरू होते. पनवेल तालुक्यात नेरे, वावंजे, आपटा, कुठल्याही खळ्यावर जा, डोळ्यात कुसळ जाणे ही नेहमीचीच गोष्ट. कुणी फुंकर मारतो, कुणी मध घालतो, कुणी आईचे दूध, आणि काम पुढे चालू. पुष्कळांचे निभावते. ज्याचे निभावत नाही त्याच्या बुबुळावर 'फूल' पडते आणि डोळा कायमचा जातो.

आंधळेपण म्हणजे म्हातारपणचा मोतीबिंदू, ही समजूत अपुरी आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतल्या अंधांपैकी ३७.५ टक्के जणांची नजर बुबुळ पांढरे झाल्याने गेलेली आढळली. म्हणजे घर चालवणाऱ्या वयातच हा घाला पडतो.

कुसळाने बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यातून जंतू किंवा बुरशी आत शिरते. नेपाळात भक्तपूरला ओरखड्याच्या ४४२ रुग्णांना क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस दिले. १८ तासांच्या आत ज्यांना ते मिळाले, त्यांच्यापैकी एकाच्याही बुबुळाला जखम झाली नाही, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. मात्र गावोगाव स्वयंसेविका नेमून केलेल्या नेपाळातल्याच मोठ्या चाचणीत (२०२२) अशा जखमांचे प्रमाण घटले नाही. नुसते मलम वाटून भागत नाही, माणूस वेळेवर पोचला पाहिजे, हाच बोध आम्ही यातून घेतो.

दुसरा धोका दुकानातून आणलेल्या थेंबांचा. त्यात स्टेरॉइड असले तर लाली उतरते, पण आत बुरशी फोफावते. बुरशीवर नॅटामायसिन हे औषध सरस ठरल्याचे अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या चाचणीने २०१३ मध्ये दाखवले. पण जखम बुरशीची की जंतूची, हे डॉक्टरनेच तपासून ठरवायचे असते. पनवेलला लक्ष्मी नेत्रपेढी आहे, बुबुळ बदलताही येते. तरी मुळातला डोळा राखणे केव्हाही स्वस्त.

तेव्हा झोडणीआधी ग्रामपंचायतीने दवंडी द्यावी, उपकेंद्रात मलम आहे की नाही हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने बघावे, आशाताईंनी खळ्यावर फेरी मारावी. आणि शेतकरीबंधूंनो, डोळा खुपला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळा लाल होऊन ठणकत असेल, पाणी गळत असेल, तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. झोडणी एक दिवस थांबेल, गेलेली नजर परत येत नाही.