मुलांच्या धोरणात आईचं मत कुठं आहे?

मुलाच्या डब्यात काय द्यायचं हे घरात आई ठरवते. पण शाळेच्या पातेल्यात काय शिजणार, शाळा किती वाजता भरणार, पहिलीतल्या लेकराला किती भाषा शिकाव्या लागणार, हे मुंबईत ठरतं. निर्णय झाला की मग आपण शाळेच्या फाटकाशी उभ्या राहून कुरकुरतो. मैत्रिणींनो, हीच कुरकुर थोडी आधी आणि योग्य ठिकाणी केली तर?

‘आपल्या बोलण्यानं काय होणार?’ असं बऱ्याच जणी म्हणतात. त्यांना मी 2025 सालची आठवण करून देते. 16 एप्रिलला सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. 17 जूनला भाषा थोडी मवाळ केली. पालक, शिक्षक, भाषेचे जाणकार, राजकीय पक्ष सगळेच बोलू लागले. 29 जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या समितीने मग लोकांची मतं मागवली. म्हणजे आधी वरात, मग सोयरीक! क्रम उलटा झाला, पण लोक बोलले म्हणून निर्णय फिरला, हे तर खरं ना?

दुसरं उदाहरण शाळेच्या वेळेचं. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर 2023 मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय निघाला. अर्धवट झोपेतल्या पोराला मोरीत उभं करून दात घासायला लावणारी प्रत्येक आई हेच म्हणत होती. पण आपलं म्हणणं स्वयंपाकघराच्या बाहेर गेलं नाही.

न बोलल्यामुळं काय होतं, तेही बघा. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं नोव्हेंबर 2023 मध्ये ठरलं. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठी राज्याचा वेगळा निधी बंद झाला आणि लोकसहभागातून सोय करा, असं शाळांना सांगितलं गेलं. ज्या गावात देणगीदार आहेत तिथं ठीक आहे. पण जिथं नाहीत, तिथल्याच पोरांना अंड्याची जास्त गरज असते! हा हिशेब कुठल्याही गृहिणीला कळतो. मग तो तिनं मांडायला नको?

मांडायचा कुठं? जागा आपल्या दाराशीच आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पण महिला सभेला किती जणी जातात? बऱ्याचदा वही घरी येते आणि आपण सही करून मोकळ्या होतो. ती सही म्हणजे आपलं मत नव्हे बायांनो.

आमच्या वारणा भागात आणखी एक गोष्ट मला टोचते. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाशेजारी खोप्या उभ्या राहतात. त्या खोप्यांत लहान लहान पोरं असतात. त्यांच्या आया इथल्या मतदार नाहीत, म्हणून त्या ग्रामसभेच्याही सदस्य नाहीत. पोरं मात्र कितीतरी महिने आपल्याच गावात राहतात. त्यांची शाळा, आहार, लस याबद्दल बोलायचं कुणी? सरकारने 2021 मध्ये या मुलांसाठी संत भगवान बाबा वसतिगृह योजना आणली, चांगलं केलं. पण जी पोरं आईबरोबर फडावर येतातच, त्यांचा विषय आपणच महिला सभेत मांडला पाहिजे. तात्यासाहेब कोरे यांनी याच माळावर साखर कारखाना उभारला आणि मुलांचा वाद्यवृंदही घडवला. त्या वारणेत फडावरचं पोर कुणाच्या हिशेबात नसावं, हे बरं दिसत नाही.

सरकारकडूनही माझ्या अपेक्षा आहेत. धोरणाचा मसुदा सोप्या मराठीत हवा, तो अंगणवाडीत आणि शाळेत वाचून दाखवावा. सुनावणी तालुक्याच्या गावी आणि बायकांना जमेल अशा वेळी, दुपारी घ्यावी. आलेल्या सूचनांपैकी काय घेतलं, काय सोडलं आणि का, हेही सांगावं. आणि मुलांनाही विचारावं. संयुक्त राष्ट्रांचा 1989 चा बालहक्क करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला. मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं म्हणणं ऐकलं जावं, हा त्यातला एक हक्क आहे. शाळेतलं स्वच्छतागृह का वापरत नाही, हे सातवीतली मुलगी जितकं नेमकं सांगेल, तितकं कुठलाही साहेब सांगणार नाही.

शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हा राजाला कळवळा होता म्हणून पोरं शिकली. आता राज्य आपलं आहे, मग कळवळ्याबरोबर आवाजही आपलाच हवा. पुढच्या महिला सभेची तारीख ग्रामपंचायतीत विचारून या, शेजारणीला बरोबर घ्या आणि एकच मुद्दा कागदावर लिहून न्या. तो ठरावात लिहिला जाईपर्यंत मात्र उठू नका!