रानातले जाळे

घरातली जळमटे आपण काढतो. ते योग्यच आहे. पण रानातील कोळ्याचे जाळे काठीने तोडावे, हे मला मुळीच पटत नाही.

सह्याद्रीच्या जंगलात पावसाळ्यात एक मोठा कोळी दिसतो. त्याला ‘जायंट वुड स्पायडर’ म्हणतात. मादीचे शरीर ३ ते ५ सेंटिमीटर लांब असते. नर जेमतेम अर्धा सेंटिमीटर! मादी झाडांमध्ये सोनेरी धाग्यांचे जाळे विणते. ते एक मीटरहूनही रुंद असू शकते. जाळे तुटले, की शिकार थांबते. नवा धागा काढायला शक्ती लागते आणि पोट तर रिकामे असते.

ही मादी जमिनीत उथळ खड्डा करून अंडी घालते व पालापाचोळ्याने झाकते. म्हणून सहलीत पालापाचोळा पेटवणेही चूक आहे.

काही जण म्हणतात, “कोळी विषारी असतो, मारलाच पाहिजे.” या कोळ्याचे विष कीटकांसाठी आहे, माणसाला त्यापासून मोठा धोका नाही.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान दिला. हा वारसा जपणे आपलेही काम आहे. मुलांनो, वाटेत जाळे दिसले, तर जरा खाली वाका आणि पुढे जा.