पडवींतील कुंभारकाम

आमच्या नाचणगांवच्या घराच्या मागल्या पडवींत गेल्या वर्षापासून आमची भाची एक लहानसा वर्ग चालविते. वर्ग म्हणजे काय, तर सहा पाट, ओल्या गोणपाटाखालीं झांकलेली माती, पाण्याची एक बादली, दोन लाटणीं आणि माती कापण्यासाठीं एक तार. चाक नाहीं. चार बायका, एक शाळकरी मुलगा आणि पुलगांवचे एक सेवानिवृत्त कारकून दर रविवारीं सकाळीं दोन तास येतात, हातानेंच वाट्या, पणत्या, कुंड्या करतात, आणि हात धुऊन घरीं जातात. इतक्या निरुपद्रवी गोष्टीवर कोणी रागावेल असें आम्हांस वाटलें नव्हतें. परंतु आमच्या एका विद्वान व्यवसायबंधूंनीं, चार माणसांदेखत, या वर्गाचा जो समाचार घेतला, त्याला तोंडी उत्तर देणें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. तें येथें देतों.

त्यांचा पहिला आक्षेप असा कीं, चाकाशिवाय कुंभारकाम म्हणजे पोरखेळ. हें मत पुष्कळ सुशिक्षितांचें आहे, आणि तें कुंभाराच्या अंगणांत कधीं अर्धा तासही न बसल्याचा पुरावा होय. आपण ज्या माठांतलें पाणी पितों तो माठ चाकावर अर्धाच होतो. चाकावरून उतरतें तें जाड भिंतीचें, आंखूड, ओबडधोबड भांडें. तें किंचित् सुकूं देऊन मग आंतून दगडी गोळ्याचा आधार द्यावयाचा आणि बाहेरून थापटण्यानें ठोकीत ठोकीत भिंत पातळ करीत न्यावयाची. त्या ठोकण्यानेंच पोट फुगतें, बूड गोल होतें आणि माठाला माठाचें रूप येतें. गोरोबाकाकांच्या कथेंत संतांची डोकीं तपासावयास निघालेलें हत्यार थापटणें होतें, चाक नव्हे, याची आमच्या स्नेह्यांस आठवण करून द्यावीशी वाटते.

बरें, ज्यांना दूरचाच दाखला पटतो त्यांच्यासाठीं दूरचाही देतों. जपानांत सोळाव्या शतकांत चहाचार्य सेन नो रिक्यू याच्यासाठीं चोजिरो नांवाच्या कारागिरानें जे राकू कटोरे केले, ते चाकाशिवाय, निव्वळ हातानें घडविलेले होते. आज ते त्या देशांत रत्नांसारखे जपले जातात. अमेरिकेंतील सान इल्देफोन्सो येथील मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) या आदिवासी बाईंचीं काळीं चकचकीत भांडीं जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्या मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडें उभें करीत. आपल्याच देशांत मणिपुरांतील लोंगपी येथील काळीं भांडीं चाकाविना होतात. आणि घरचेंच पाहावयाचें तर पुणें जिल्ह्यांतील इनामगांवच्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगांतील चाकावरच्या सुबक भांड्यांबरोबरच हातानें घडविलेले रांजणही सांपडले. तान्हीं मुलें वारलीं कीं त्या लोकांनीं तीं दोन घटांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीं पुरलीं. ते घटही बहुधा हातानेंच घडविलेले असत. पोरखेळ म्हणून तें कोणी केलें नसावें.

या आक्षेपाच्या पोटांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बहुतेक कुंभारांच्या घरीं चाकावर बसण्याचा मान पुरुषाचा. माती चाळणें, तींत राख, लीद किंवा वाळू मिसळणें, ती तुडविणें, चुली घालणें, भांडीं रंगविणें, आवा रचतांना हात देणें आणि टोपलें डोक्यावर घेऊन बाजार गांठणें, हें काम बायकांचें. तेव्हां ‘चाक नाहीं तर कुंभारकाम नाहीं’ असें जो म्हणतो, तो नकळत कुंभाराच्या घरांतील अर्ध्या माणसांचें नांव हजेरीपटांतून काढून टाकतो.

दुसरा आक्षेप यापेक्षां वजनदार, कारण तो वर्ध्याचें नांव घेऊन केलेला होता. “ज्या जिल्ह्यांत १९३७ सालीं नई तालीम जन्मली, तेथें विकतां न येणाऱ्या वाकड्या वाट्या करीत बसणें म्हणजे रिकामपणाचा विलास होय.” त्या वर्षीच्या ऑक्टोबरांत वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि मुलाच्या हस्तोद्योगांतून शाळेचा खर्च भागावा असा आग्रह गांधीजींनीं धरला होता, हें सारें खरें. परंतु तो आग्रह शाळेविषयीं होता. रविवारीं दोन तास मोकळे असलेल्या प्रौढ माणसाविषयीं नव्हता. शिवाय त्या योजनेचा दुसरा अर्धा भाग आमचे स्नेही सोयीस्कर विसरले: उद्योगाच्या द्वारें बुद्धि वाढावी. ते स्वतः संध्याकाळीं पेटी वाजवितात. त्यांच्या पेटीनें अद्याप कोणाची चूल पेटविल्याचें ऐकिवांत नाहीं, आणि आम्हीं त्यांना तिचा हिशेब कधीं विचारला नाहीं.

बुद्धि कशी वाढते तें पडवींत येऊन पाहावें. आमच्याकडची काळी माती वऱ्हाडच्या कापसाला जेवढी मानवते तेवढी मडक्याला मानवत नाहीं. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या या मातींत मॉन्टमोरिलोनाइट जातीचीं खनिजें असतात. तीं पाणी पिऊन फुगतात आणि वाळतांना आंखडतात. उन्हाळ्यांत आपल्या शेतांत पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा वाटीच्या कांठाला पडतात. म्हणून तींत वाळू किंवा राख घालावी लागते. पुरणाचा उंडा भरण्यासाठीं आपल्या बायका कणकेची वाटी करतात, अगदीं तशीच अंगठा आंत आणि चार बोटें बाहेर ठेवून मातीची वाटी उघडावयाची. पण कणकेला जी घाई खपते ती मातीला खपत नाहीं. दोन तुकडे जोडावयाचे तर सांध्यावर ओरखडे काढून पातळ चिखल लावावा लागतो, नाहीं तर वाळतांना कान एकीकडे आणि पेला एकीकडे. आणि भाजतांना ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या सुमारास मातीच्या कणांत बांधलेलें पाणी सुटून गेलें कीं ती माती माती राहत नाहीं. मग कितीही भिजविली तरी तिचा चिखल होत नाहीं. हें आम्ही कॉलेजांत शिकलों नव्हतों असें नाहीं. परंतु आमच्या डोक्यांत तें शिरलें तें आमची पहिली पणती भेगाळली तेव्हां.

येथवर आमची बाजू बळकट आहे. आतां जें लिहावयाचें तें आमच्याच विरुद्ध आहे.

भाचीजवळ विजेची भट्टी नाहीं. वर्गांत झालेल्या वस्तु वाळल्या कीं टोपल्यांत घालून कुंभाराकडे जातात, त्याच्या आव्यांत भाजल्या जातात, आणि त्याबद्दल त्याला नगास ठरलेले पैसे मिळतात. गेल्या पावसाळ्यानंतर एकदां त्याची बायको टोपलें नेण्यास आली असतां वर्ग चालूं होता. ती पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली. कोणी तिला बस म्हटलें नाहीं. आम्ही तेथेंच आरामखुर्चींत होतों, आम्हींही म्हटलें नाहीं. तिनें कारकुनांची वाटी उचलली, बोटाच्या पेरानें तिच्या बुडावर टिचकी मारली, आणि म्हणाली, “ताई, बूड जाड रायलं याचं. आंत वल हाय. आव्यात फुटते थे.” भाची म्हणाली, “बरं, बघते,” आणि वाटी टोपल्यांत गेली. वाटी फुटली. बरोबरच्या दोन पणत्याही तिच्या कपऱ्यांनीं गेल्या.

तिसरा आक्षेप आमच्या स्नेह्यांनीं घ्यावयास हवा होता, आणि तो त्यांना सुचला नाहीं. ज्या बाईच्या पेराला बुडाची जाडी आवाजावरून कळते ती खांबापाशीं उभी, आणि पुस्तकें व पुण्यांतील दोन महिन्यांचा अभ्यासक्रम यांवर शिकलेली आमची भाची पाटावर, हें कोणत्या न्यायानें? ही केवळ आमच्या घरची गोष्ट नव्हे. शहरांत घरोघरीं असे वर्ग निघाले आहेत. त्यांची शुल्कें कांहीं थोडीं नसतात, आणि त्यांतील शिक्षकाच्या जागीं गांवचा कुंभार बसलेला आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. सरकारची दृष्टिही निराळी नाहीं. २०१८ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या योजनेंतून कुंभारांस विजेचीं चाकें मिळूं लागलीं; २०२३ च्या सप्टेंबरांत सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेंत कुंभाराला प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलें आहे. साहाय्य चांगलेंच आहे. तें घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो तो कुंभाराला शिकवावयास निघाला आहे. त्याच्यापाशीं शिकावयास जाणारा, आणि शिकल्याबद्दल शिक्षकाला देतात तसे पैसे मोजणारा, कोठें आहे? आपण त्याच्या मडक्याची किंमत करतों, आणि तीही घासाघीस करून. त्याच्या बोटांतील विद्येची किंमत करण्याचें आपणांस सुचतच नाहीं, कारण तिला विद्या म्हणावयाची आपली तयारी नाहीं.

कोणी म्हणेल, त्या बाईला शिकवितां येईल काय? तिला अडाणी समजून विचारलेला हा प्रश्न तीस वर्षें खडू घासलेल्या आम्हां प्राध्यापकांना कधीं कोणी विचारला आहे काय? आमच्यांतील पुष्कळांच्या बाबतींत त्याचें उत्तर काय आलें असतें तें विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

आम्हीं भाचीशीं हें बोललों. ती आधीं रागावली, मग गप्प झाली, मग स्वतःच कुंभारवाड्यांत गेली. बाईनें अटी घातल्या त्या अशा: बाजाराच्या आदल्या दिवशीं आणि आवा लावतांना येणार नाहीं, दोन तासांचे पैसे ताई स्वतःसाठीं धरते तेवढेच घेईन, आणि पाटावर बसणार नाहीं, आपलें पोतें आणीन, कारण पाटावरून थापटतां येत नाहीं. भाचीनें त्या मान्य केल्या आणि शुल्क थोडें वाढविलें. एक बाई वर्ग सोडून गेल्या. कुंभारणीकडून शिकावयाचें तर पैसे कशाला, तिच्या दारांत उभें राहून फुकट पाहतां येतें, असें त्या म्हणाल्या. त्या दारांत त्या आजवर किती वेळां उभ्या राहिल्या होत्या, हें विचारण्याचा मोह आम्हीं आवरला.

पहिल्या रविवारीं तिनें पांचही जणांच्या वाट्या मोडून पुन्हां गोळे करविले. दोन तासांत एकही वस्तु झाली नाहीं. नुसती माती मळून झाली. कारकुनांना तें मुळींच आवडलें नाहीं, आणि तसें त्यांनीं जातांना बोलूनही दाखविलें. पुढच्या रविवारीं ते सर्वांच्या आधीं येऊन बसले होते, आणि त्यांनीं पाट बाजूला सारून घरून पोतें आणलें होतें.