परसातील मर आणि पहिली वर्दी

उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव एरवी आठवले जाते ते 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहासाठी. 2025 च्या जानेवारीत त्या गावाचे नाव पुन्हा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आले, ते मात्र कोंबड्यांमुळे. परसात पाळलेल्या कोंबड्या मरू लागल्या. नमुने प्रयोगशाळांकडे गेले. बर्ड फ्लूचे निदान झाले आणि परिसरातील हजाराहून अधिक पक्षी सरकारी पथकांनी मारून पुरले. निदान झाल्यावर यंत्रणा हलली नाही, असे कोणी म्हणणार नाही. आमचा प्रश्न त्याआधीच्या काळाविषयी, आणि तो एकट्या चिरनेरचा नव्हे, सर्वच गावांचा आहे. पहिली कोंबडी मरते आणि पहिली वर्दी जाते, या दोहोंमध्ये दिवसच्या दिवस का लोटतात?

आपल्या किनारपट्टीवर कोंबडी मेली की संशय प्रथम मुंगसावर जातो, मग सापावर, मग शेजारणीच्या नजरेवर. तिसरी-चौथी मेली म्हणजे ‘मर लागली’ असे म्हणून विषय संपतो. ‘मर’ हा शब्द मोठा सोयीचा आहे; त्यात सगळे येते आणि कळत काहीच नाही. त्या एका शब्दाखाली अनेक रोग दडलेले असतात. मान पिळवटली, हिरवट हगवण लागली, तर बहुधा मानमोडी. कुमाऊँमधील राणीखेत येथे 1927 च्या सुमारास या रोगाची नोंद झाली आणि तेच नाव त्याला आपल्या देशात चिकटले. पिलांच्या विष्ठेत रक्त दिसले तर आतड्यातील परजीवी जंतूंचा संशय. कोंबड्यांची पटकी तर इतकी जुनी की पाश्चरने लसीचे आपले प्रसिद्ध प्रयोग तिच्यावरच केले. औषध चोळलेले बियाणे किंवा उंदरांसाठी ठेवलेले विष खाऊनही एका दिवसात खुराडे रिकामे होते. आणि संध्याकाळी धडधाकट दिसलेला पक्षी सकाळी मेलेला आढळावा, तुरा काळानिळा पडावा, तोंड सुजावे, ही बर्ड फ्लूची चिन्हे.

अडचण अशी की ही चिन्हे एकमेकांत मिसळतात. जोरदार मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतील भेद अनुभवी पशुवैद्यही नुसत्या डोळ्यांनी सांगू शकत नाही. त्यासाठी ताजा मृत पक्षी, न फाडता, दुहेरी पिशवीत, बर्फात घालून दवाखान्यामार्फत पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जावा लागतो आणि अखेरचा निर्वाळा भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा देते. घरी पोट चिरून पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. ‘अजून गरम आहे तोवर कापून घ्या’ हा हिशेब तर त्याहून घातक.

नवापूरचे उदाहरण विसरण्याजोगे नाही. भारतात बर्ड फ्लूचे पहिले निदान 18 फेब्रुवारी 2006 रोजी झाले, ते नंदुरबार जिल्ह्यातील या तालुक्यात. तेथील पक्षी त्याआधीच मरू लागले होते आणि ती मानमोडीच असावी, अशी समजूत होती. निदान झाले तेव्हा सीमेपलीकडील गुजरातच्या उच्छलमध्येही रोग आढळला आणि पुढे जळगाव जिल्ह्यात तो परसातील कोंबड्यांपर्यंत पोहोचला. परिचित रोगाचे नाव ओठांवर तयार असले की अपरिचिताचा शोध लांबणीवर पडतो. बडोद्याजवळच्या कोयलीत उद्या कोंबड्या मेल्या, तर बोट प्रथम तेल शुद्धीकरण कारखान्याच्या धुरांड्याकडे जाईल. 11 नोव्हेंबर 2024 ची तेथील आग ताजी असताना ते स्वाभाविकही आहे. पण त्याच बडोदे जिल्ह्यात, सावली तालुक्यात, 2021 च्या जानेवारीत मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, हेही कोणाला तरी आठवले पाहिजे. धूर की विषाणू, हा वाद चावडीवर सुटणारा नव्हे.

तरीही वर्दी जात नाही, याला केवळ अज्ञान म्हणणे हा आमच्या मते अन्याय आहे. कोंबड्या ही बहुधा घरच्या बाईची मिळकत. मुलाची वही, औषधाची बाटली, राखणेचा कोंबडा आणि जावयाचा पाहुणचार त्यातूनच निघतो. वर्दी दिली तर तिच्या आणि आजूबाजूच्या साऱ्या घरांच्या कोंबड्या मारल्या जाणार, हे तिला ठाऊक असते. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. वर्दीपूर्वी मेलेल्यांची नव्हे. 2021 साली महाराष्ट्रात मोठ्या अंड्याच्या कोंबडीला 90 आणि मांसाच्या कोंबडीला 70 रुपये असा दर होता; गावठी कोंबडी बाजारात याच्या कितीतरी पटीने विकली जाते. म्हणजे जिने प्रथम कळवावे तिने मेलेली गमवावी, जिवंतही गमवावी आणि वर शेजाऱ्यांचा रोष घ्यावा! अशा व्यवहारात गप्प बसणे हाच शहाणपणा ठरतो.

या गप्प बसण्याची किंमत कोंबड्यांपुरती राहत नाही. 2021 साली दिल्लीत हरियाणातील एक अकरा वर्षांचा मुलगा या रोगाने दगावला. 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ व एक बिबट्या त्याच विषाणूने मेले.

मानमोडीची लस जुनी, स्वस्त आणि गुणकारी आहे. पण ती शंभर-शंभर मात्रांच्या कुपीत मिळते आणि थंड ठेवावी लागते. आठ कोंबड्यांच्या मालकिणीने ती घ्यावी कशी? ग्रामपंचायतींनी ठरावीक दिवशी वाडीवार लस टोचण्याची व्यवस्था केली, तर निदानाचेही काम सोपे होईल. लस टोचलेल्या गावात मर लागली तर संशय लगेच दुसरीकडे वळेल. याहून निकडीचा बदल भरपाईत हवा. वर्दीच्या दिवशी पंचनाम्यात जे मृत पक्षी मोजले जातील, त्यांचीही भरपाई वर्दी देणाऱ्या घराला मिळावी आणि गावठी कोंबडीचा दर बाजाराशी सुसंगत असावा. उरणच्या पाणथळींवर दर हिवाळ्यात परदेशी पक्ष्यांचे थवे उतरतात. पशुसंवर्धन खात्याने हा आदेश पुढील थवे उतरण्याआधी काढावा.