भांडा सौख्यभरे!

विरोधी पार्टीच्या माणसाशी भांडणं एकदम सोपं असतं. त्याचं सगळं चूक, आपलं सगळं बरोबर, विषय संपला. खरी पंचाईत होते ती आपल्याच गोटातल्या माणसाशी भांडताना. झेंडा एक, घोषणा एक, शत्रूही एकच. मग भांडायचं कशावरून? जे काही थोडंफार उरतं त्यावरून. आणि ते भांडण असं काही पेटतं की विचारू नका!

अमेरिकेत या घरच्या भांडणाला रीतसर नाव आहे, टाइमटेबल आहे आणि मतपेटीसुद्धा आहे. प्रायमरी. आपल्याकडे तिकीट 'वरून' येतं. कार्यकर्त्याने यादी वाचायची आणि मुकाट्याने सतरंज्या उचलायला लागायचं. तिकडे पार्टीचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे पार्टीचे साधे मतदार एकेका राज्यात मत देऊन ठरवतात. म्हणजे नोव्हेंबरमध्ये समोरच्याशी लढायचं, पण त्याआधी काही महिने घरातल्यांशी.

मला या प्रकाराचं भयंकर आकर्षण आहे. आणि यातली माझी ऑल टाइम फेव्हरिट मॅच कोणती विचाराल, तर २००८ ची. डेमोक्रॅटिक पार्टी, हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा. एक पहिली महिला अध्यक्ष होऊ पाहणारी, दुसरा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष होऊ पाहणारा. दोघंही सिनेटर, दोघंही वकील, दोघांची धोरणं जुळ्या भावंडांसारखी. तरीही जानेवारी ते जून असं सहा महिने ही मॅच रंगली.

सुरुवात झाली ३ जानेवारीला, आयोवा नावाच्या मक्याच्या राज्यात. आयोवाचं कॉकस म्हणजे आपल्या सोसायटीची जनरल बॉडी मीटिंगच समजा. कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी सात वाजता लोक शाळेच्या जिममध्ये, चर्चमध्ये, लायब्ररीत जमायचे. गुप्त मतदान वगैरे भानगडच नाही. हिलरीवाल्यांनी या कोपऱ्यात उभं राहायचं, ओबामावाल्यांनी त्या. मग डोकी मोजायची. बहुतेक ठिकाणी ज्या गटाकडे १५ टक्के माणसं नाहीत, तो गट बाद. आणि मग खरी धमाल. बाद गटातल्या लोकांना दोन्हीकडचे शेजारी ओढायला लागायचे. "ये ना इकडे! तुझी सेकंड चॉइस कोण?" ज्याच्याकडून काल ड्रिल मशीन उसनं आणलं, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगायचं की तुझा माणूस मला नको. त्या रात्री जवळजवळ २ लाख ४० हजार लोक बाहेर पडले. चार वर्षांपूर्वीच्या जवळपास दुप्पट! ओबामा पहिला, जॉन एडवर्ड्स दुसरे आणि हिलरीबाई चक्क तिसऱ्या. एका टक्क्याच्या आत गुंडाळले गेलेले एक उमेदवार त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. त्यांचं नाव जो बायडन. पुढे हेच गृहस्थ उपाध्यक्ष आणि नंतर अध्यक्ष झाले. त्यामुळे बाद गटातल्या लोकांशी जरा नीट वागावं हे बरं!

पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरीने बाजी उलटवली आणि मग सगळा देशच दोन कोपऱ्यांत उभा राहिला. केनेडी खानदानाचंच बघा. टेड केनेडी आणि पुतणी कॅरोलिन ओबामाकडे, तर रॉबर्ट केनेडींची तीन मुलं हिलरीकडे. ओप्रा विनफ्रे ओबामाच्या प्रचाराला आयोवात पोचली, तर तिच्याच काही चाहत्या बायका तिच्यावर भडकल्या: बाई असून बाईला साथ नाही? तिकडे 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये टीना फेने हिलरीची बाजू घेत धमाल फटकेबाजी केली. तीन आठवड्यांनी त्याच शोमध्ये, त्याच टेबलावर ट्रेसी मॉर्गनने ओबामाची बाजू घेऊन तिला व्याजासकट परत केलं.

न्यू जर्सीतल्या एका मराठी घरात झालेला हाच सामना मी फोनवरून ऐकलाय. नवरा माझा कॉलेजातला मित्र. तो ओबामावाला, बायको हिलरीवाली. ५ फेब्रुवारीला त्यांच्याकडे मतदान होतं आणि त्याआधीचा अख्खा महिना त्यांच्या किचनमध्ये डिबेट चालू होतं.

"अगं, हिने २००२ मध्ये इराक वॉरच्या बाजूने मत दिलंय. हा तेव्हाच विरोधात बोलला होता."

"अरे, तो तेव्हा सिनेटमध्ये होता तरी का? शिकागोत भाषण ठोकायला काय जातंय!"

इथपर्यंत ठीक होतं. मग एकदा ती म्हणाली, "बाईने वर्षानुवर्षं राबायचं, सगळं होमवर्क करायचं आणि प्रमोशनच्या वेळी कालचा स्मार्ट पोरगा येऊन खुर्चीत बसणार. माझ्या ऑफिसात दर वर्षी होतं हे. तुला नाही कळणार." त्यावर तो म्हणाला, "आणि त्याचं नाव बघ. बराक हुसेन ओबामा. हे नाव व्हाइट हाउसवर लागलं ना, तर आपल्या पोराचं नाव घेताना टीचर जरा कमी अडखळेल." मग फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

मला वाटतं, या भांडणांचं मर्म तिथेच आहे. वाद उमेदवारांचा चाललाय असं दिसतं, पण माणूस बोलत असतो स्वतःबद्दल. तिला हिलरीत स्वतःचं हुकलेलं प्रमोशन दिसत होतं. त्याला ओबामात आपल्या मुलाचं नाव ऐकू येत होतं. आता सांगा, यात चूक कोण? दोघंही बरोबर होते. म्हणून तर ते इतकं टोचत होतं. विरोधी पार्टीच्या माणसाने आपल्याला समजून घ्यावं अशी अपेक्षाच नसते. आपल्याच माणसाकडून असते.

आणि टोचायला बाहेरचेही कमी नव्हते. न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरीच्या सभेत दोन पुरुष 'माझा शर्ट इस्त्री कर' असं ओरडत उभे राहिले. त्याच राज्यातल्या डिबेटमध्ये लोकांना ओबामा जास्त आवडतो, असं हिलरीला ऐकवलं गेलं, तेव्हा ओबामा कागदावरची नजरही धड न उचलता म्हणाला, 'तू पुरेशी आवडण्यासारखी आहेस, हिलरी.' तमाम वर्किंग बायकांनी ते 'पुरेशी' मनात नोंदवून ठेवलं. उलट बाजूने हिलरीने मे महिन्यात 'कष्टकरी, गोरे अमेरिकन' आपल्या बाजूला आहेत असं म्हटलं आणि कृष्णवर्णीय मतदारांनी तेही नोंदवून ठेवलं. आपल्या देशी मंडळींच्याही वाट्याला एक चिमटा आला होता. जून २००७ मध्ये ओबामाच्या कॅम्पेनच्या एका मेमोमध्ये हिलरीचा उल्लेख 'डेमोक्रॅट, पंजाब' असा केला गेला. भारतीयांशी तिची जवळीक म्हणजे जणू काही गुन्हाच! भारतीय अमेरिकन चिडले. ओबामाने 'मूर्ख चूक' म्हणून ती मान्य केली. माझ्या मित्राच्या बायकोने ते कात्रण फ्रिजवर चिकटवलं होतं.

मग धोरणात फरक नव्हताच का? होता की. सगळ्यात मोठा फरक आरोग्य विम्याचा. हिलरी म्हणायची, विमा प्रत्येकाला सक्तीचा हवा. ओबामा म्हणायचा, सक्ती फक्त मुलांच्या विम्याची. यावर दोघांनी डिबेटमध्ये तासच्या तास घालवले, एकमेकांविरुद्ध पत्रकं वाटली. आणि ओबामाने अध्यक्ष झाल्यावर २०१० मध्ये जो कायदा केला, त्यात काय होतं? मोठ्यांनाही विम्याची सक्ती! म्हणजे मॅच तो जिंकला आणि मुद्दा ती. घरच्या भांडणाचा हा एक बेस्ट फायदा. हरलेल्याचं म्हणणं घरातच राहतं, वेळ आली की कामाला येतं.

पण फायदा कळेपर्यंत घर टिकायला हवं ना! त्या वर्षी ते जवळजवळ मोडलं होतं. मिशिगन आणि फ्लोरिडा या दोन राज्यांनी नियम मोडून मतदान आधी घेतलं होतं, म्हणून पार्टीने त्यांचे प्रतिनिधी बाद ठरवले होते. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामाचं नावच नव्हतं. दोन्हीकडे हिलरी पुढे. मग ती मतं मोजायची की नाही? ३१ मे रोजी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात पार्टीच्या नियम समितीची मीटिंग भरली. हॉलमध्ये आरडाओरडा, बाहेर निदर्शनं. शेवटी तोडगा निघाला अर्धा-अर्धा. प्रतिनिधी बसतील, पण प्रत्येकाचं मत अर्धं. हिलरीवाले 'डेन्व्हर! डेन्व्हर!' ओरडत होते. अर्थ सरळ होता: ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात बघून घेऊ. काहींनी तर 'प्युमा' नावाची आघाडी उघडली. त्या नावाचा सभ्य मराठीत अर्थ: पक्षाची एकजूट गेली खड्ड्यात!

३ जूनला ओबामाचा आकडा पूर्ण झाला. ७ जूनला हिलरी वॉशिंग्टनमध्ये व्यासपीठावर उभी राहिली आणि तिने हार मान्य केली. आपल्याला मिळालेल्या मतांमुळे काचेच्या छताला १ कोटी ८० लाख तडे गेले आहेत, असं ती म्हणाली. समोरच्या बायका रडत होत्या. तीन आठवड्यांनी दोघं एका स्टेजवर आले, न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी नावाच्या गावात. गावाचं नावच एकजूट. आणि प्रायमरीत या गावाने दोघांनाही मोजून १०७-१०७ मतं दिली होती. फिल्मी वाटतं ना? पण खरं आहे.

पुढाऱ्यांनी मिठ्या मारणं सोपं असतं हो. सहा महिने शेजाऱ्याशी हुज्जत घातलेल्या माणसाने काय करायचं? ऑगस्टमध्ये डेन्व्हरला हिलरीने आपल्या समर्थकांना एकच प्रश्न विचारला. तुम्ही या मोहिमेत फक्त माझ्यासाठी होतात का? की त्या तरुण सैनिकासाठी, विमा नसलेल्या आईसाठी, कमी पगारावर मुलं वाढवणाऱ्या बाईसाठी? माझ्या मते प्रायमरीतल्या प्रत्येक समर्थकाने हा प्रश्न आधीच लिहून पाकिटात ठेवायला हवा. हरल्यावर पाकीट उघडायचं. दुसऱ्या दिवशी मतमोजणी मध्येच थांबवून ओबामाला एकमताने उमेदवार करा, हा प्रस्ताव हिलरीनेच मांडला.

नोव्हेंबरच्या एक्झिट पोलमध्ये दिसलं की हिलरीच्या डेमोक्रॅट समर्थकांपैकी साधारण सहांतल्या पाचांनी ओबामाला मत दिलं. ओबामा जवळपास ९५ लाख मतांनी जिंकला आणि हिलरीला त्याने परराष्ट्रमंत्री केलं. न्यू जर्सीतली आमची वहिनीही त्या पाचांमधली. मत दिलं, पण गाडीवर ओबामाचा स्टिकर लावू दिला नाही. "मत पार्टीला दिलंय," ती म्हणाली. "गाडी माझी आहे."

सगळ्या सीझनचा एंड इतका गोड नसतो. २०१६ मध्ये तीच हिलरी, समोर बर्नी सँडर्स. या वेळी तरुण पोरं सँडर्स आजोबांच्या मागे वेडी झाली. अधिवेशनाच्या ऐन तोंडावर पार्टीच्या ऑफिसचे ईमेल फुटले. पंच हिलरीच्या बाजूने झुकलेले होते, असं त्यातून दिसलं आणि पार्टीच्या अध्यक्षांनाच राजीनामा द्यावा लागला. फिलाडेल्फियाच्या हॉलमध्ये बू-बू चालू असताना, स्वतः सँडर्सवाली असलेली कॉमेडियन सारा सिल्व्हरमन स्टेजवरून हट्टी पोरांना म्हणाली, तुम्ही हास्यास्पद वागताय! सँडर्सनीही हिलरीच्याच नावाचा प्रस्ताव मांडला. तरी एका मोठ्या सर्वेक्षणानुसार त्यांच्या प्रायमरीतल्या मतदारांपैकी १२ टक्के नोव्हेंबरमध्ये ट्रम्पकडे गेले. गंमत म्हणजे हे प्रमाण २००८ पेक्षा जास्त नव्हतं. पण या वेळी मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून फरकच होता ८० हजारांहून कमी मतांचा. मोठ्या विजयात रुसवे खपून जातात. काठावरच्या मॅचमध्ये एक रुसलेला शेजारीही महाग पडतो.

मग भांडणंच नकोत, असं वाटत असेल तर २०२४ आठवा. डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत बायडनना खरं आव्हानच नव्हतं. घरात एकदम शांतता. जूनमधल्या डिबेटमध्ये ते कोलमडले, २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस एकाही प्रायमरीत न लढता उमेदवार झाल्या. नोव्हेंबरमध्ये त्या हरल्या. त्यानंतर पार्टीत सगळ्यात जास्त ऐकू आलेली हळहळ कोणती होती माहितीये? आधी नीट भांडायला हवं होतं!

तेव्हा मंडळी, आपल्या माणसाशी कडाकडा भांडा. फक्त भांडताना एवढं ध्यानात ठेवा, की समोरच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस तुम्हाला नोव्हेंबरमध्ये लागणार आहे. आणि ते ड्रिल मशीन अजून त्याचंच आहे.